शेकून न जाणारी कळ

घाटकोपरमध्ये एखाद्याच्या पायाला मुंग्या येऊन आग व्हायला लागली की पुढची वाटचाल बहुधा ठरलेली असते. आधी घरात तेल चोळून शेक. मग नाक्यावरच्या केमिस्टकडून दोन दिवसांच्या गोळ्या. मग फॅमिली डॉक्टर, तिथून हाडांचे डॉक्टर, एक्स-रे, आणि ‘मणक्यात गॅप आहे’ किंवा ‘नस दबलीय’ असा निकाल. पट्टा बांधा, वाकू नका, वजन उचलू नका. घर शाकाहारी असेल, आणि घाटकोपर पूर्वेला अशी घरं इमारतीगणिक आहेत, तर बी-१२ची तपासणी होऊन इंजेक्शनंही सुरू होतात. यातलं काहीच चुकीचं नाही. मुंग्या येणाऱ्या बहुतेक पायांचं कारण याच यादीत सापडतं. पण तिशीतल्या एखाद्या बाईची आग पट्ट्यानेही जात नाही आणि इंजेक्शनांनीही नाही. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो. मागे कधीतरी एका डोळ्याने आठवडाभर धुरकट दिसत होतं, हे तिला आता कुणी विचारल्यावर आठवतं. तेव्हा कुठे मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय होतो आणि रिपोर्टात एक लांबलचक नाव येतं: मल्टिपल स्क्लेरोसिस.

रुग्ण आणि डॉक्टर दोघंही त्याला एमएस म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. त्याच्या जोरावर जाड तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या घरात धावू शकतो. मुळात वेष्टनच नसलेल्या बारीक तंतूंमध्ये वेग एक-दोन मीटरच असतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या मायलिनवर उलटते. जागोजागी चट्टे पडतात, आणि चट्टा जिथे पडेल तसं लक्षण दिसतं: कुणाची नजर, कुणाचा तोल, कुणाची लघवी, कुणाचे पाय. आजार बहुधा विशी ते चाळिशीत डोकं वर काढतो. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲटलास ऑफ एमएस’ने जगभरातली रुग्णसंख्या २८ लाख धरली होती.

हा थंड प्रदेशातल्या गोऱ्या लोकांचा आजार, अशी आपल्याकडे बरीच वर्षं समजूत होती. ती खोडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. एस. सिंघल आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७५ साली मुंबई परिसरातल्या एमएसच्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९९० साली वाडिया यांनीच एका सहकाऱ्याबरोबर दाखवून दिलं, की मुंबईच्या पारशी समाजात हा आजार लाखामागे वीसहून अधिक जणांना आहे. शतकानुशतकं याच किनाऱ्यावर राहिलेल्या, पण लग्नसंबंध आपसात ठेवलेल्या समाजात हा आकडा शेजाऱ्यांपेक्षा इतका वेगळा यावा, ही गोष्ट हवामानापेक्षा रक्ताकडे बोट दाखवणारी होती. पण आजार फक्त पारशांचा नाही. मंगळुरूत झालेल्या आणि २०१४ मध्ये छापल्या गेलेल्या पाहणीत लाखामागे साधारण आठ रुग्ण सापडले. रुग्णांना आणि नातेवाइकांना एकत्र आणणारी ‘मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था मुंबईतच १९८५ साली सुरू झाली.

आता दुखण्याकडे वळू. एमएस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे व्हीलचेअर येते, वेदना येत नाही. डॉक्टरांचंही बराच काळ तसंच होतं. झां-मार्तें शार्को यांनी १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या आजाराचं चित्र पहिल्यांदा नीट रेखाटलं, त्यानंतर जवळजवळ शतकभर पाठ्यपुस्तकांत एमएस हा बिनवेदनेचा आजार म्हणूनच वावरला. आजाराची तीव्रता मोजायला आजही जगभर वापरली जाणारी पट्टी जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ साली सध्याच्या रूपात मांडली. शून्य ते दहा. तिच्यात डोळे, तोल, ताकद, स्पर्श यांचे रकाने आहेत, आणि मधल्या आकड्यांपासून भर आहे तो किती मीटर चालता येतं यावर. वेदनेला स्वतंत्र रकाना नाही. म्हणजे रात्रभर पाय जळत असलेली बाई सकाळी अर्धा किलोमीटर नीट चालली, तर या पट्टीच्या लेखी तिचं बरं चाललंय. प्रत्यक्षात काय आहे? या विषयावरच्या अनेक अभ्यासांची २०१३ साली एकत्र मोजदाद झाली, तेव्हा एमएस असलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के लोकांना कोणती ना कोणती वेदना होती.

‘कोणती ना कोणती’ हे शब्द इथे महत्त्वाचे. एमएसची वेदना एक नाही. निदान पाच-सहा जातीची आहे, प्रत्येकीचं मूळ वेगळं, आणि एकीवरची गोळी दुसरीला लागू पडत नाही. उपचार फसतात ते बरेचदा इथेच. रुग्ण ‘दुखतंय’ म्हणतो, डॉक्टर ‘पेनकिलर’ लिहितात, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असूनही गोळीने काहीच होत नाही.

सगळ्यात चिवट ती आग. पाऊल, पोटऱ्या, कधी हात. कुणाला वाटतं निखाऱ्यावर पाय ठेवलाय, कुणाला बर्फात बुडवल्यासारखं गार दुखतं, कुणाला सुया टोचतात. रात्री वाढते. चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. साध्या स्पर्शानेच दुखणं हेही याच जातीचं लक्षण. पाय तपासला तर त्यावर ना सूज, ना लाली. मग घरात हळूच शंका सुरू होते: मनाचं तर नसेल? नसतं. मध्य रेल्वेचा सिग्नल कुर्ल्याजवळ बिघडतो आणि गर्दी घाटकोपरच्या फलाटावर तुंबते. घाटकोपरचा फलाट कितीही झाडला तरी गाडी सुटत नाही, तसं बिघाड मज्जारज्जूत असताना पायाला बाम चोळून भागत नाही. मायलिन गेलेल्या जागी तंतू स्वतःला सावरायला सोडियम चॅनल वाढवतो, आणि त्या भरात तिथून आपणहून खोटे संदेश सुटू लागतात. मेंदूला ते पायाकडून आलेलेच वाटतात. पाय शाबूत असून जळतो तो असा.

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सुजेवर काम करतात. इथे पायात सूजच नाही, त्यामुळे त्या निरुपयोगी. उलट महिनोन् महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं यांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. या आगीवर चालतात त्या मुळात दुसऱ्याच आजारांसाठी आलेल्या गोळ्या. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही फिट्सच्या औषधांच्या कुळातली. ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही नैराश्यावरची. मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणाऱ्या वाटांना ती बळ देतात. गोंधळ होतो तो इथे. गोळी घरी आली की घरातलं कुणीतरी मोबाइलवर तिचं नाव टाकतं. ‘अगं, ही तर डिप्रेशनची!’ आणि तिसऱ्या दिवशी गोळी बंद. खरं तर या औषधांना असर दाखवायला दोन-चार आठवडे लागतात, मात्रा पायरीपायरीने वाढवावी लागते आणि बंद करतानाही तशीच उतरवावी लागते. सुरुवातीला झापड येते, गरगरतं. प्रीगॅबालिनने वजन वाढतं, घोट्यांवर सूज येते. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी तुंबू शकते. एमएसमध्ये लघवीचा त्रास आधीच असतो, म्हणून तो असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. लाजायचा मुद्दा नाही, पण आपल्याकडे बाई डॉक्टरला पायाचं सांगते आणि लघवीचं गिळते.

अपेक्षाही नीट ठेवलेली बरी. वेदना तिसऱ्या हिश्शाने कमी झाली तर डॉक्टर त्याला खरा फरक मानतात, निम्मी झाली तर यश. पार गेली असं क्वचितच होतं. शून्याची वाट बघणारा माणूस आठवरून पाचवर आलेल्या वेदनेलाही अपयश समजतो आणि चांगलं चाललेलं औषध सोडून देतो.

दुसरी जात चेहऱ्याची. एमएस असलेल्यांपैकी शंभरातल्या तीन-चार जणांनाच ती होते, पण तिच्याइतकी क्रूर वेदना वैद्यकात फार थोडी. गालात, जबड्यात, हिरडीत विजेचा झटका. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं. दात घासताना, घास चावताना, तोंडावर पाणी मारताना, लोकलच्या दारात उभं असताना गालाला वारा लागला तरी पुरतं. झटके दाढेच्या आसपास येतात म्हणून रुग्ण पहिल्यांदा पोचतो तो दंतवैद्याकडे, आणि धडधाकट दाढा काढून झाल्यावरही कळ तशीच राहिल्याच्या कहाण्या जगभर आहेत. एरवी हा पन्नाशीनंतरचा त्रास. तो चाळिशीच्या आत झाला, किंवा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना झाला, तर एमएस आहे का हे पाहायलाच हवं. इथे कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन हे पहिलं औषध. ते नेमकं त्या सोडियम चॅनलवरच काम करतं, म्हणून कित्येकदा फरक काही दिवसांतच दिसतो. मात्र रक्तातलं सोडियम घसरू शकतं, चालताना तोल जाऊ शकतो, आणि अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. काही आशियाई वंशांच्या लोकांत या औषधाची घातक ॲलर्जी एका विशिष्ट जनुकाशी जोडलेली आहे, म्हणून काही डॉक्टर आधी रक्ततपासणी करून घेतात. गोळ्यांनी भागलं नाही तर त्या नसेवर उष्णतेने, फुग्याच्या दाबाने किंवा गॅमा नाइफच्या किरणांनी उपचार होतात.

तिसरी जात स्नायूंची, आणि मुंबईत राहणाऱ्या बाईच्या बाबतीत हिची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मेंदूकडून स्नायूंना ‘सैल हो’ हा निरोप पोचेनासा झाला की पाय ताठरतात. पोटरीत वांब येतो, गोळा चढतो, गुडघा आपोआप पोटाशी ओढला जातो, नाही तर पाय काठीसारखा सरळ होऊन थरथरतो. पहाटे अंथरुणातून उठताना सगळ्यात जास्त. यावर बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिन ही नेहमीची औषधं. एखादाच स्नायू हट्टाला पेटला असेल तर त्यात बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन. बॅक्लोफेन अचानक बंद करणं धोक्याचं आहे: ताप, भ्रम, फिट येण्यापर्यंत मजल जाते. गावी जाताना पट्टी घरी विसरली, असं या गोळीच्या बाबतीत चालत नाही.

पण गोळीच्या आधी बघायचं ते असं, की ताठरपणा एकाएकी का वाढला? बिघाड जुना असतो, त्याला चिथावणी मिळते ती शरीरातल्या दुसऱ्याच कुठल्यातरी त्रासाने. बद्धकोष्ठ, बोटात रुतलेलं नख, घट्ट चप्पल, बसून बसून झालेली जखम, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे लघवीचा संसर्ग. आता हा संसर्ग होतो कसा, ते घाटकोपरहून लोकलने कामाला जाणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. सकाळी घरातून निघाल्यापासून दुपारपर्यंत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही शहरातल्या बायकांची जुनी युक्ती. २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली ती याच रागातून. ज्या बाईला एमएस आहे तिला घाईची लघवीही होते. ती तर घोटभर पाण्यालाही घाबरते. पाणी कमी, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, जंतू वाढतात, आणि चार दिवसांनी पायात पेटके. घरच्यांना वाटतं आजार बळावला. कित्येकदा लघवीची साधी तपासणी आणि योग्य अँटिबायोटिक एवढ्यानेच पाय सैल होतात. स्वच्छतागृहाचा प्रश्न न्यूरॉलॉजीचाही असतो, हे कुठल्याही महापालिकेच्या आराखड्यात लिहिलेलं नसावं.

याच कुळात आणखी एक प्रकार आहे. हात किंवा पाय दिवसातून कितीतरी वेळा काही सेकंद वळतो, मुरडतो, भयंकर दुखतो आणि सुटतो. पाहणाऱ्याला फिट वाटते, पण शुद्ध शाबूत असते. कार्बामाझेपिनच्या थोड्या मात्रेनेही हे बरेचदा थांबतं. असे वळ फार आणि जोरात येत असतील तर आजार एमएसच आहे ना, की त्याच्यासारखाच दिसणारा एनएमओ, हे अँटिबॉडीच्या रक्ततपासणीने पाहून घेतात. एमएसची काही औषधं एनएमओमध्ये अपाय करतात, म्हणून ही खातरजमा नुसती कागदोपत्री नाही.

बाकीच्या जाती थोडक्यात. मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत उतरणाऱ्या करंटला लेर्मित यांचं नाव आहे. तो घाबरवतो, पण क्षणात जातो आणि बहुधा औषध लागत नाही. तो मानेच्या मणक्यांच्या झिजेत आणि बी-१२च्या कमतरतेतही येतो. डोळ्याच्या नसेला सूज आली की बुबुळ हलवताना मागे दुखतं आणि रंग फिके दिसतात. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने ते लवकर निवळतं. छाती किंवा पोटाभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं होतं, त्याला इंग्रजीत लाडाने ‘एमएसची मिठी’ म्हणतात. आपल्याकडे ‘गॅस झाला’ म्हणून ओवा दिला जातो. यात एकच पथ्य: छातीत पहिल्यांदा असं झालं तर एमएसचं असेल म्हणून घरी बसू नये, ईसीजी काढून घ्यावा. एमएस असलेल्या माणसालाही हृदयविकार होतोच.

आणि मग साधी, सगळ्यांना होते तशी पाठदुखी. एक पाय ओढत चालणारा माणूस दुसऱ्या पायावर, कमरेवर, काठी धरलेल्या खांद्यावर भार टाकतो. भटवाडी, असल्फा, बर्वेनगर अशा चढणीच्या वस्त्यांत घर असेल तर रोजच्या पायऱ्याच त्याचा मणका दमवायला पुऱ्या आहेत. इथे मात्र नेहमीची वेदनाशामकं, स्नायूंचे व्यायाम आणि योग्य उंचीची काठी यांचा उपयोग होतो. काठी हातात घेतली की आजार चारचौघांत जाहीर होतो म्हणून तरुण माणूस ती वर्षानुवर्षं टाळतो, आणि त्याची किंमत कंबर मोजत राहते.

घरगुती उपायांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण मराठी घरात दुखण्यावरचं पहिलं उत्तर म्हणजे शेक. एमएसमध्ये तो दोन्ही बाजूंनी गैरसोयीचा. एक तर पाय बधिर असेल तर गरम पाण्याची पिशवी किती गरम आहे हे कळतच नाही. त्वचा भाजून फोड येतो आणि तो दुसऱ्या दिवशी दिसतो. दुसरं म्हणजे उष्णतेने खुद्द आजाराचीच लक्षणं वाढतात. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदवलं होतं की व्यायामानंतर काही रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं की दोष व्यायामाचा नाही, तापलेल्या अंगाचा. मायलिन गेलेल्या तंतूत संदेश आधीच कसाबसा सरकत असतो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो. एमआरआय येण्यापूर्वी डॉक्टर संशयित रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. आपल्याकडे ही परीक्षा दरवर्षी नरकचतुर्दशीला घरच्या घरी होते: उटणं, कढत पाणी, आणि न्हाणीघरातून बाहेर येताना पाय लटपटणारी सून. अंग थंड झालं की ते ओसरतं, नवा चट्टा पडलेला नसतो. पण हे माहीत नसेल तर घरभर घबराट होते. कोमट पाणी, हाताच्या कोपराने तपासलेलं, एवढा बदल पुरतो. मुंबईच्या मे आणि ऑक्टोबरमध्ये मानेला ओला रुमाल, थंड पाण्याची बाटली आणि शक्य असेल तर गर्दीची वेळ टाळून प्रवास. २०१४ पासून वर्सोव्याहून घाटकोपरला येणारी मेट्रो वातानुकूलित आहे हे खरं, पण तिथून उतरून पुलावरच्या गर्दीतून लोकलच्या फलाटावर पोचेपर्यंत तो गारवा संपलेला असतो.

हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. ताठरलेल्या पायाला जोराने रगडणं, झटका देऊन सरळ करणं हे मात्र नको. त्याने पेटका वाढतो. हळूहळू ताण देत, दीर्घ श्वास घेत, अर्ध्या-एक मिनिटासाठी स्नायू धरून ठेवायचा, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलं की घरचं माणूस रोज करू शकतं. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे, आणि हे शिकवणं तिच्या कामाचाच भाग. योगासनं, पाण्यातले व्यायाम यांनी काहींना आराम पडतो. पुरावा माफक आहे, पण अपायही कमी. गांजाबद्दल रुग्ण हटकून विचारतात, कारण ब्रिटनमध्ये २०१० साली गांजापासून बनवलेल्या तोंडात फवारायच्या एका औषधाला एमएसच्या ताठरपणासाठी परवानगी मिळाली. ते औषध मोजूनमापून बनवलेलं असतं. आपल्याकडे गांजा बाळगणं १९८५च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कुणीतरी आणून दिलेल्या पुडीत काय आणि किती आहे हे सांगता येत नाही.

झोप आणि मन यांची वेदनेशी असलेली गाठ एमएसमध्ये आणखी घट्ट बसते. रात्री आग वाढते, झोप तुटते, दुसऱ्या दिवशी थकवा, थकव्याने वेदना सोसण्याची ताकद घटते, उदासी येते, आणि उदास मनाला तीच आग दुप्पट जाणवते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की वेदनेचे संदेश मज्जारज्जूत आहेत तसे वर जात नाहीत. तिथे त्यांची आवकजावक कमीजास्त होते आणि मेंदूही त्यात हात घालतो. म्हणून मानसोपचार सुचवला गेला तर ‘म्हणजे मी ढोंग करते का?’ असा अर्थ काढायचं कारण नाही.

आता प्रश्न उरतो तो हे सगळं डॉक्टरपर्यंत पोचवायचं कसं. राजावाडी हे घाटकोपरचं महापालिकेचं रुग्णालय. तिथून पुढे पाठवलं तर सायन किंवा परळचं केईएम. अशा ओपीडीत रांग दारापर्यंत असते आणि डॉक्टरांच्या वाट्याला एकेका रुग्णासाठी काही मिनिटंच येतात. त्यात ‘सगळीकडे दुखतं हो’ असं सांगून उपयोग नाही. मराठी बोलणाऱ्याला इथे एक सोय आहे. आग, ठणका, सणक, चमक, मुंग्या, ओढ, वांब, आवळणं, टोचणं, बधिरपणा हे शब्द त्याला रोजचे आहेत, आणि यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या औषधाकडे नेतो. आग म्हटलं की गॅबापेंटिनचा विचार, चमक म्हटलं की कार्बामाझेपिनचा, ओढ म्हटलं की बॅक्लोफेनचा. मज्जातंतूंची वेदना ओळखायला फ्रान्समध्ये तयार झालेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली एक दहा मुद्द्यांची प्रश्नावली डॉक्टर वापरतात. तिची सुरुवातच जळतं का, गार दुखतं का, करंट लागतो का, अशी आहे. म्हणून वहीच्या पानावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: कुठे, कशासारखं, किती वेळ, आणि कशाने वाढतं. दहापैकी किती, हा आकडा सकाळ-रात्रीचा वेगळा. लघवी, शौच आणि झोप यांची एकेक ओळ. आधी घेतलेल्या गोळ्या, मात्रेसकट, आणि त्या का सोडल्या ते.

एमएसला आवर घालणारी औषधं हा वेगळा विषय. इंटरफेरॉनपासून आजच्या अँटिबॉडीपर्यंत ती नवे चट्टे पडू नयेत म्हणून असतात. जुन्या चट्ट्याने लावलेली आग त्यांनी विझत नाही. हे आधी सांगितलं नाही तर महागडं इंजेक्शन घेऊनही दुखतंच आहे म्हणून रुग्ण ते सोडून देतो. खर्चाच्या बाजूने एक बरी गोष्ट घडली: जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये एमएसची तीन औषधं पहिल्यांदाच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, आणि त्यातलं रिटुक्सिमॅब भारतात बनतं. वेदनेवरच्या नेहमीच्या गोळ्या त्या मानाने स्वस्त आहेत. महाग पडतो तो वेळ: मात्रा जुळवायला पुन्हा पुन्हा माराव्या लागणाऱ्या खेपा, आणि प्रत्येक खेपेला बुडणारा एक दिवस.

दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ साली एमएसचं नाव एकवीस प्रकारांच्या यादीत स्पष्टपणे घातलं. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक नोंद झाली की कायद्यातल्या बऱ्याच सवलती लागू होतात. त्यासाठी तपासणी होते ती चालण्याची, ताकदीची, नजरेची. रात्रीची आग तपासणाऱ्यांच्या हाताला लागत नाही, म्हणून न्यूरॉलॉजिस्टच्या कागदांत ती प्रत्येक भेटीत लिहून घेतलेली असणं कामाला येतं. एमएस असलेली तरुण मुलगी दिव्यांगांच्या डब्यात चढली की तिच्याकडे रोखून बघणारे असतातच. धडधाकट दिसते, पाय जागेवर आहेत, हातात काठी नाही. तिच्याकडे दाखवायला एक कार्ड असतं आणि सांगायला पुढच्या दोन स्टेशनांइतकाच वेळ.